कुंदा पेटली तो दिवस

पाणी मारून बसवलेल्या मुरमावर पांढऱ्या फक्कीच्या ताज्या रेषा, दोन टोकांना हातांच्या घामाने काळे पडलेले लाकडी खांब, आणि मैदानाच्या कडेला बुचाच्या झाडाखाली मांडी घालून बसलेली कुंदा... ओंजळभर फुलं ओच्यात घेऊन, त्यांचे लांब देठ एकात एक गुंफत, सामना तोंडावर आलेला असताना जणू तिला कुठे जायचंच नव्हतं. दिवाळीनंतरचे दिवस असायचे. सकाळच्या थंडीत बुचाचा तो गोडसर, थोडा ओलसर वास सगळ्या मैदानावर पसरलेला असायचा, आणि त्यात आमच्या कापडी बुटांचा, नडगीला चोळलेल्या हळद-तेलाचा आणि पलीकडे स्वारगेटला सुरू होऊन घरघरणाऱ्या बसच्या धुराचा वास मिसळायचा. त्या वासाचं नाव माझ्यापुरतं खो-खो असं आहे.

कुंदा कात्रजहून बसने यायची. तिचे वडील वर्ध्याकडचे, सातारा रस्त्यावरच्या यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात कामाला. शहरात तेव्हा गल्लोगल्ली संगणक शिकवणाऱ्या वर्गांच्या पाट्या लागत होत्या, आणि त्याच वेळी असे छोटे कारखाने एकामागून एक मिटत होते, पण आम्हा मुलींना त्यातलं पाट्यांपुरतंच दिसत होतं. कुंदा ‘मले’, ‘तुले’ म्हणायची, पेठेतल्या मुली हसायच्या, आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची. चिडणं हा प्रकारच तिच्यात नव्हता.

तिची पळती बघण्यासारखी असायची. बसलेल्या गड्यांमधून ती साखळी घालत जायची तेव्हा तिच्या मागे कोणी लागलंय असं वाटायचंच नाही. पाठलाग करणारीचा हात तिच्या पाठीवर पडणार, आता पडलाच, असं वाटून आम्ही डोळे मिटायचो आणि उघडायचो तर ती खांदा आत घेऊन निघून गेलेली असायची.

“तुला भीती नाही वाटत?” मी एकदा विचारलं.

“वाटते ना वं. पण थांबते मी. तिचा हात येऊ देते. हात आला का पाय फसतात तिचे.”

सगळा खेळ त्या थांबण्यात होता. आणि नेमकं तेच आमच्या सरांना सहन होत नव्हतं.

सर आमच्या क्लबचे प्रशिक्षक. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, आवाज कधी न चढणारा. त्यांची एक ठाम समजूत होती — राग नाही तो खेळाडू नाही. प्रत्येक सामन्याआधी ते आम्हाला रांगेत उभं करायचे आणि एकेकीसमोर थांबून तिला सर्वात झोंबेल ते शांतपणे बोलायचे. या विधीला आम्ही मुली ‘पेटवणी’ म्हणायचो. ज्या घरात आजारपण असेल तिथे आजारपण, जिचे गुण कमी तिथे गुण. सरांना सगळ्यांच्या घरचं ठाऊक असायचं, कारण सगळ्या आया त्यांच्याशी विश्वासाने बोलायच्या. माझ्यासमोर येऊन ते म्हणायचे, “आपले बंधू वर्गात पहिले. आपण कशात पहिल्या? डबा संपवण्यात?” माझ्या कानाच्या पाळ्या तापायच्या आणि शिट्टी झाली की मी खांबावर असा सूर मारायची की कोपर सोलून निघायचं आणि समोरची मुलगी बाद झालेली असायची.

मला ते मानवायचं, हे खरं आहे. तापल्याशिवाय माझे पाय हलायचेच नाहीत. प्रत्येक शाळेत, प्रत्येक घरात अशा काही मुली असतात. पण सरांनी माझ्यावरून नियम केला. “हिच्याकडे बघा,” ते कुंदाला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, “ही पेटते. तुम्ही काय, सामना बघायला आलाय? चहा सांगू का?” कुंदा मान खाली घालून हसायची, झाडाखाली जाऊन बसायची आणि वेणी गुंफायला घ्यायची. वेणी पुरी होईपर्यंत तिचा श्वास संथ झालेला असायचा. मग ती उठायची, वेणी फांदीला अडकवायची आणि मैदानात चालत उतरायची. हे त्या माणसाने किती वर्षं बघितलं! त्याला दिसलं काय, तर मुलगी फुलांत रमते.

त्या वर्षी कुंदाच्या वडिलांच्या कारखान्याला कुलूप लागलं. घर आवरून गावी परत जायचं ठरलं. तिच्या वडिलांनी मात्र एक वाट उघडी ठेवली होती. कुंदा जिल्ह्याच्या संघात आली तर खेळाडूंच्या राखीव जागेवर तिला पुण्यातल्या कॉलेजात प्रवेश मिळणार होता, वसतिगृह मिळणार होतं, ती इथे राहून शिकू शकणार होती. नाही आली तर गावी काकांच्या घरी, आणि पुढे लग्न, हे सगळ्यांना माहीत होतं. निवड एकाच सामन्यावर व्हायची होती. कुंदाने मला हे बसथांब्यावर, शेंगा सोलता सोलता सांगितलं, इतक्या साध्या आवाजात की मला आधी नीट कळलंच नाही.

निवडीच्या दिवशी तिचे वडील आले होते. खाकी शर्ट घालून कुंपणाला धरून उभे. निवड समितीची माणसं खुर्च्यांवर, हातात चहा. कुंदा झाडाखाली. सर तिच्यापाशी गेले, तिच्या ओच्यातली अर्धी वेणी दोन बोटांनी उचलली आणि बाजूला टाकली.

“लग्नाला निघालात का?”

“नाही सर.”

“वडील आलेत वाटतं. बरं झालं. आता काय, सवड आहे त्यांना.” मग कुंपणाकडे बघून, पुरेसं ऐकू जाईल असं, “घरचं कुलूप मैदानावर आणू नका म्हणजे झालं.”

तिच्या वडिलांनी कुंपणावरचा हात काढून घेतला. एवढंच. आणि मी कुंदाचा चेहरा बघितला. तो मी आधी कधी पाहिला नव्हता. नाकपुड्या फुललेल्या, मुठी आवळलेल्या, मान ताठ. सर माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, “पेटली!”

कुंदा पहिल्या तुकडीत होती. नेहमी चालत उतरणारी ती त्या दिवशी धावत उतरली. पहिला खो मिळालेली मुलगी जेमतेम उठली होती आणि कुंदा सुटलीसुद्धा — लवकर, सरळ, अंगातली सगळी ताकद लावून. ती थांबली नाही. हात येऊ दिला नाही. खो पुढच्या गड्याला गेला आणि कुंदा तिच्याच अंगावर गेली. त्या मुलीला फक्त हात लांब करावा लागला. खुर्च्यांवरच्या एकाने चहाचा घोट घेतला, दुसऱ्याने विचारलं, “कोण होती?”

“मी म्हणतच होतो,” सर म्हणाले, “हिच्यात आग नाही.”

दुसऱ्या डावात त्यांनी तिला शेवटच्या तुकडीत ठेवलं आणि मला पहिल्या. मी रागाने पेटले होते, कुंदासाठी, तिच्या वडिलांसाठी, आणि त्या रागात मी माझ्या आयुष्यातली सर्वात चांगली पळती खेळले. कोणाच्या हातालाच लागत नव्हते. लोक टाळ्या वाजवत होते... आणि खो-खोत आधीची तुकडी बाद झाल्याशिवाय पुढची उतरत नाही. मी पळत राहिले म्हणून कुंदाची पाळी येत नव्हती. वळता वळता ती रेषेबाहेर बसलेली दिसायची, आता शांत झालेली, पाय तयार, वाट बघणारी. शेवटची शिट्टी झाली तेव्हाही ती तशीच बसलेली होती.

माझी निवड झाली. सरांनी माझ्या पाठीवर थाप दिली. बघा, म्हणाले, राग काय करतो ते. आणि मला त्यांना सांगता आलं नाही की त्याच रागाने तासाभरापूर्वी काय केलं होतं. महिन्याच्या आत कुंदाची कात्रजची खोली रिकामी झाली.

अलीकडे आमच्या कंपनीत एका शिबिरात एका तरुण बाईंनी फळ्यावर उपड्या वाटीसारखी रेघ काढली. मन निजलेलं असेल तर कामगिरी खाली, अती तापलं तरी खाली, आणि मधला उंचवटा प्रत्येकाचा वेगळ्या जागी. कोणाला डिवचावं लागतं, कोणाला शांत बसू द्यावं लागतं. ‘उद्दीपन’ असा शब्द त्यांनी वापरला. सगळे माना डोलवत होते. माझा चहा गार झाला. इतकी साधी गोष्ट! एका मुलीकडे मान वर करून बघितलं असतं तरी कळली असती अशी. त्यासाठी पुस्तक लागत नव्हतं, बाईंची रेघ लागत नव्हती. पण आपल्याकडे ज्याचा आवाज शांत आणि शब्द बोचरा, त्याला शिस्तीचा माणूस म्हणायची पद्धत आहे, आणि ज्याला राग येत नाही त्याला जिद्द नाही, असं ठरवून टाकायची.

आता सरांचा सत्कार आहे. गौरव अंकासाठी मला फोन आला — ‘सरांनी मला कसं घडवलं’, दोन पानं, फोटोसहित. मी विचारलं, “आणि ज्यांना मोडलं त्यांची पानं किती?” पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, आनंदाचा प्रसंग आहे हो.” मी फोन ठेवला.

मग कुंदाचा नंबर शोधला. वर्ध्याला तिच्या एका बहिणीकडून मिळाला. तिने आवाज लगेच ओळखला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सरांची तब्येत कशी आहे?”

“कुंदा, तुला त्यांचा राग येत नाही?”

“तू येऊ दे. तुले जमते ते.” ती हसली. “काय मस्त पळाली होती तू त्या दिवशी! बाबा पण गाडीत तेच बोलत होते.”

मग विचारायचं म्हणून मी विचारलं, मुलं काय करतात. एक मुलगी, आठवीत. शाळेतल्या बाई मागे लागल्यात, तिच्या पायात वेग आहे, तिला खो-खोला पाठवा.

“मग?”

“नाही पाठवलं,” कुंदा म्हणाली. “माझ्यासारखीच आहे वं ती. शांत.”