फरशीवरचा चाकू

गेल्या संक्रांतीनंतरच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, कराडच्या चाचांनी शिंगाच्या मुठीचा एक मिटलेला चाकू दुकानाच्या फरशीवर ठेवला. समोर आटपाडीकडून आलेला तिशीतला एक मेंढपाळ उभा होता. त्याने तो उचलला नाही. मी, वर्तमानपत्राचा बातमीदार, तिथेच होतो.

चाचा कुठलाही चाकू कुणाच्या हातात देत नसत. "हातात दिला की भांडण लागतं. खाली ठेवतो, उचला." एकदा फोटोसाठी मी म्हटलं, चाचा, एवढ्यापुरता हातात द्या. ते म्हणाले, "भांडणाला काय ठावं सायेब, फोटो चाललाय म्हनून?"

एकदा खाली ठेवलेला चाकू ते स्वतः परत उचलतही नसत. एक गिऱ्हाईक आपला चाकू विसरून साताऱ्याला गेलं, तेव्हा चाचांनी त्यावर पाटी पालथी घातली आणि आठ दिवस तिला वळसा घालून काम केलं.

धार लावायचं दुकान तुम्ही पाहिलं असेल. फिरणारं चाक, पाण्याची बादली, काळी झालेली भिंत. इथे मागे एक फळी जास्त होती. तिच्यावर खिशातले जुने चाकू मांडलेले असत. चाचा ते विकत घेत नसत. मालकानं गोष्ट सांगायची आणि चाकू ठेवून जायचं. "मुक्या चाकूला जागा न्हाई," ते म्हणत.

तासगावच्या बागाईतदाराचा कलमाचा चाकू होता. त्याच्या मुठीला अंगठ्याचा खड्डा पडला होता. माधवनगरच्या गिरणीतल्या कामगाराचा सूत कापायचा चाकू बोटाएवढा होता. मुठीत भोक, भोकात दोरी, कारण मालकाच्या बायकोनं तो करदोट्याला बांधून दिला होता. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याचा चाकू तिसरी पिढी झाली तरी पिवळाच होता. चाचा तो नाकाशी धरून म्हणत, "दुकान गेलं, वास ऱ्हायला."

शिंगाच्या मुठीचा चाकू फळीच्या टोकाला असे. त्याच्या मुठीवर तीन बारीक खाचा होत्या. मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा चाचांनी सांगितलं.

दोन भावांची मेंढरं एकत्र चरत. ओळखीसाठी कान कापत; धाकट्याच्या मेंढरांना एक खाच, थोरल्याच्या मेंढरांना दोन. एका दुष्काळी साली थोरल्यानं धाकट्याच्या तीन मेंढ्यांच्या कानाला आणखी एकेक खाच मारली. मेंढ्या त्याच्या झाल्या. मग त्याच चाकूनं त्यानं मुठीवर तीन खाचा केल्या, स्वतःला विसर पडू नये म्हणून. वस्तीवर कुणी विचारलं तर सांगे, उंदरानं कुरतडलंय. धाकटा वारला, त्यानंतर हा म्हातारा चाकू घेऊन चाचांकडे आला. घरात नजरेसमोर नको, म्हणाला.

"हे छापू नका," चाचा म्हणाले.

"नाव देणार नाही. गावही देणार नाही."

चाचांनी चाक थांबवलं. "नक्की?"

"नक्की."

मी शब्द पाळला. नाव दिलं नाही, गाव दिलं नाही. लेखात मुठीचं मात्र नीट वर्णन केलं: मेंढ्याचं शिंग, पितळेच्या चार खिळ्या, पाचवी तांब्याची, तीन खाचा. शेजारी फोटो होता. ज्या वस्तीनं तो चाकू चाळीस वर्षं पाहिला होता, त्या वस्तीला नावाची गरज नव्हती.

त्या दिवशी आलेला मेंढपाळ धाकट्याचा मुलगा होता. त्याच्या हातात वर्तमानपत्राची घडी होती.

"माझ्या चुलत्याचा चाकू ह्योच का?"

"व्हय."

"ह्या तीन खाचा म्हंजे आमची तीन मेंढरं?"

"व्हय, बाबा."

"आमचा बा मरंस्तवर म्हनायचा, तीन मेंढरं लांडग्यानं न्हेली. आन चुलता शेजारी बसून व्हय-व्हय करायचा." त्यानं घडी पुढे केली. "पेपरवाल्याला कुनी सांगितलं?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मीच. माझ्या तोंडातनं गेलं. छापू नका म्हनायचं ऱ्हायलं."

हे खरं नव्हतं. मला ते तिथे सांगता आलं असतं. मी बाकावर बसून राहिलो.

चाचांनी फळीवरून चाकू घेतला आणि त्याच्यापुढे फरशीवर ठेवला. "उचल. चुलत्याला नेऊन दे, न्हाईतर हिरीत टाक. पर तू उचल, गड्या. म्हातारा लय झुरलाय."

"त्याच्या दारात आता आमी जात न्हाई," तो म्हणाला आणि गेला.

चाचांनी दोन चहा सांगितले. बशी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तुमच्या पेपरात नाव न्हवतं. तुमचं बराबर हाय."

ऑफिसात मी खुलासा छापण्याबद्दल विचारलं. मजकुरात चूक काय आहे, असं मला विचारण्यात आलं. चूक एकही नव्हती. खुलासा छापला गेला नाही.

त्यानंतर गोष्ट सांगायला दुकानात कुणी आलं नाही. चार-पाच जण येऊन आपापले चाकू परत मागून गेले. चाचांनी एकेक खाली ठेवला, त्यांनी उचलला. शिंगाच्या मुठीचा मात्र होता तिथेच राहिला. चाचा त्याला वळसा घालून चाकापर्यंत जात. मी म्हटलं, निदान पाटी तरी पालथी घाला.

"झाकला तर तो आल्यावर त्याला दिसंल कसा?"

तो मेंढपाळ पुतण्या आला नाही. चाचा उन्हाळ्यात वारले. मी दफनाला पोहोचलो नाही. सांगलीला एका सभेची बातमी होती.

चाळिसावा झाल्यावर त्यांच्या मुलीनं दुकान उघडलं. मी गेलो तेव्हा ती फरशी पुसत होती. फळीवर चार चाकू उरले होते. पुतण्याला चाचांनी काय सांगितलं आणि खरं काय होतं, ते मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"अब्बा म्हनले होते, ज्याच्यापुढं ठेवलाय तोच उचलंल," ती म्हणाली आणि पुसायला लागली.

चाकू फरशीवर होता. त्याच्या भोवतीची वीतभर जागा तिनं कोरडी सोडली होती.