मांजरीनं नाकारलेला भात

सुनेनं आज सुकी झिंगे भाजली आणि त्या वासानं मला केशोरी गावातलं जुनं घर आठवलं. आमची भुरी मांजर आजारातून उठली होती आणि रोजच्या भाताला तोंड लावत नव्हती. मी भातात भाजलेली झिंगे कुस्करून घालायची आणि रोज थोडी कमी करायची. ती खायला लागली होती.

त्या दुपारी मात्र तिनं ताटलीला नाक लावलं आणि मागं सरकली. शेजारणीकडचा भात आणून तशीच झिंगे घातली, तर चाटूनपुसून खाल्ला.

"लाडावली हे. उपाशी ठेव, येईल ठिकाणावर," सासू म्हणाली.

मी आमचा भात हुंगला. मला कसलाच वास आला नाही.

"आत्या, आज उघडलेली चुंगडी कोणत्या धानाची?" तांदळाच्या पोत्याकडं बोट करून मी सासूला विचारलं.

"बिजाईचा उरला होता, दवाई लावलेला. धुऊन, वाळवून भरडून आणला. कायले फेकाचा?"

पेरायच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून चोळतात ते विषारी औषध होतं. नवरा धानाच्या बांधीतून येऊन जेवायला बसला होता. त्याच्या हातातला घास मी झटकून पाडला. तो चिडला. सासू हसली.

"मी सकाळी याचीच पेज पिली. मले काय झालं?"

हसताना तिनं पोट दाबून धरलं होतं. तिला दवाखान्यात न्यायला बैलबंडी जुंपेपर्यंत ती मांजरीलाच नावं ठेवत होती. दवाखान्यातून ती परत आली नाही.

आजही नवी चुंगडी उघडली की पहिला भात मी मांजरीपुढं ठेवते. ती खाईपर्यंत घरात कुणाचं ताट वाढू देत नाही.