पिवळी विकायची आहे

एखादी गोष्ट पटकन करून टाकली की तिचा किस्सा होत नाही. ‘करू, करू’ म्हणत बसलं की ढीग लागतो! आमच्या घरी गाडी विकायचं ठरत होतं तेव्हा इतके किस्से साचले, की मी माहेरी गेले की बहिणी चहा टाकायच्या आधीच विचारायच्या, “नसीम, विकली का गं?”

गाडी म्हणजे स्पोर्ट्स कार. पिवळीजर्द, दबा धरून बसलेल्या मांजरासारखी जमिनीलगत. कुसगावात आमचं हार्डवेअरचं दुकान. एक बंगलेवाले साहेब कायमचे परदेशी निघाले आणि आमच्या ह्यांनी, म्हणजे अन्वरनी, त्यांच्याकडून ती घेऊन टाकली. घरात आम्ही दोघं, मुलगी सना आणि माझे सासरे, अब्बा. गाडीत सीट दोन! आता काय बोलायचं?

*

घोरावाडीला चुलत नणंदेचं लग्न होतं. स्पीडब्रेकर आला की गाडीचं पोट घासायचं. हे गोड आवाजात म्हणायचे, “जरा उतरतेस? तेवढंच वजन कमी.”

मी भरजरी साडीत उतरायची. गाडी तिरकी तिरकी होत पलीकडे जायची. मी मागून चालत जायची, परत बसायची. आणि आपल्याकडे स्पीडब्रेकरला काय तोटा!

हॉलच्या दारात नणंदेनं माझ्या धुळीनं भरलेल्या सँडल बघितल्या. “भाभी, चालत आलात?”

“अर्ध्या रस्त्यानं!”

*

औंढ्याच्या तुकारामभाऊंना गोठ्यावर पत्रे घालायचे होते. माप घ्यायला हे गेले. बाइक दारात असताना पिवळी घेऊन गेले! शेताच्या रस्त्यात गाडी बसली ती बसलीच. भाऊंनी ट्रॅक्टर लावून ओढून काढली. मग हौसेनं आत बसून बघितलं, पाय लांब सोडले.

“अन्वरभाऊ, लय भारी हाय. पन ही गाडी हाय का पाट? वाढा की हितंच जेवाय!”

हे घरी आले ते तोंड पाडून. “विकून टाकतो. लोकांना कदरच नाही.”

मी लगेच सनाला फोटो काढायला लावले आणि जाहिरात टाकली.

*

पुण्याहून एक तरुण आला. चांगला होता बिचारा. ह्यांनी त्याला सरबत दिलं आणि चौकशी सुरू केली. गाडी छपराखाली ठेवणार का? सोसायटीत क्रिकेट खेळतात का? घरात अजून कोण चालवणार?

तो शेवटी म्हणाला, “काका, मी गाडी बघायला आलोय. मुलगी नाही!”

तरी दोघं चक्कर मारायला गेले. थोड्या वेळानं गाडी परत आली. आत हे एकटेच!

“अहो, तो मुलगा कुठाय?”

“क्लच असा सोडतात का? उतरवला त्याला!”

मुलगा रिक्षानं आला. त्याची बाइक आमच्या दारात होती ना! माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, “काकू, तुम्ही ह्यांच्याबरोबर दिवस कसे काढता?”

*

अब्बा त्या गाडीला ‘पिवळी बला’ म्हणायचे. त्यांना डोळे तपासायला तळेगावला न्यायचं होतं. हे म्हणाले, “रिक्षा कशाला? आपली गाडी आहे.”

अब्बा गाडीत शिरले कसेबसे, मी मागून रिक्षानं गेले. पोचल्यावर अब्बा बाहेर येईनात. दवाखान्याच्या दारात मी हात ओढतेय, हे पाठीमागून रेटतायत. ते बघून आतून दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावली. काही सांगायच्या आत अब्बांना आडवं करून घेऊन गेली!

कॉरिडॉरभर आवाज, “अरे, मला काही झालं नाही! मी चष्म्याला आलोय!”

चष्मा नाही, मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन करायचं ठरलं. घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं, “आता मी आवाज चढवणार नाही. तुमच्या वडिलांना धड बसता येईल अशी गाडी दारात पाहिजे. बस.”

ह्यांनी रात्रीची भाकरी अर्धीच खाल्ली.

*

मग पुण्याच्या एक डॉक्टरबाई पिवळी बघायला आल्या. इतकी छान चालवली, की ह्यांना नाव ठेवायला जागा सापडेना. उतरले तेव्हा चेहरा एवढासा. चावी देताना म्हणाले, “सकाळी जरा रुसते. घाई करू नका.”

आणि आमच्या दारात पांढरी, उंच, ऐसपैस गाडी आली. अब्बा काठी टेकत तिच्याभोवती फिरले.

“ही कुणाची?”

“आपली, अब्बा. तुमच्यासाठीच घेतली.”

“पिवळी कुठाय?”

“विकली.”

“मला विचारलंत?”

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. डोक्यावर हात मारायचा बाकी होता!

ऑपरेशन चांगलं झालं. नव्या गाडीत अब्बा न धरता चढतात, न धरता उतरतात. पण दुपार झाली की प्लास्टिकची खुर्ची उचलतात आणि पिवळीच्या रिकाम्या शेडमध्ये जाऊन बसतात. तिन्ही बाजूंनी पत्रा, वर पत्रा. काल बघितलं तर घामानं सदरा अंगाला चिकटलेला.

“अब्बा, आत चला. पंख्याखाली बसा.”

“नको,” अब्बा म्हणाले, “इथं वारा चांगला येतो.”