शालीखालचा गोल

अकोल्यात पानठेल्यावर अजूनही कोणी कानाशी येऊन सांगतं, की ताहेरभाईंनी शालीखाली सौदा करून वरूडवाल्यांना फुटबॉलची फायनल विकली. भाव काय ठरला यावर एकमत नाही. कोणी वरूडच्या संत्र्यांच्या पेट्या म्हणतं, कोणी अख्खा बगिचा.

ताहेरभाई गादी-रजईवाले. आठवडाभर कापूस पिंजायचा आणि रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर पळायचं. पोट आधी पोचायचं, मागून ते. पण चेंडूजवळ पोचायचे. त्यांची शिट्टी वाजली की वाद संपला. घरी तेवढं बायकोसमोर, आयशाबींसमोर, ती वाजत नसे.

मागच्या वर्षी स्पर्धेच्या कमिटीचे अध्यक्ष खुशालराव परदेशातले सामने पाहून आले, म्हणजे घरच्याच सोफ्यावरून, आणि म्हणाले, "तिकडं रेफरी टीव्हीत पाहून निकाल देते. आपल्याकडं कावून नाही?" लगेच लग्नाची शूटिंग करणाऱ्या नितेशला बोलावलं. एक कॅमेरा, एक टीव्ही.

ताहेरभाई म्हणाले, "आतापर्यंत मी एकटाच चुकत होतो साहेब. आता दोघं मिळून चुकू."

फायनलला अकोला आणि वरूड. बरोबरीत सामना. पाहुण्यांना निघायची घाई, म्हणून खुशालरावांचा सत्कार खेळ चालू असतानाच उरकून घेतला. तेवढ्यात वरूडच्या पोराचा फटका वरच्या दांड्याला लागून रेषेच्या आत पडला आणि उसळून बाहेर आला. ताहेरभाईंनी गोल दिला. अकोल्याची पोरं अंगावर धावली, "टीव्ही पाहा, चाचा."

नियमच होता, पाहावा लागला. पण उन्हात पडद्यावर स्वतःच्याच मिशा दिसत होत्या. खुशालरावांनी सत्कारात मिळालेली नवी शाल काढून दिली. ताहेरभाई आणि नितेश टीव्हीसकट शालीत शिरले, ते निघेचनात. बाहेरून फक्त शाल हलताना दिसे, आतून बोटांची टोकं वर-खाली.

आता आपली माणसं कोणती? बैलबाजारात वाढलेली. तिथं दलाल दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात, हे पाळण्यातलं पोरही जाणतं.

"हे तं सौदा करून राहिले बाप्पा," कोणीतरी म्हणालं. ताहेरभाई बाहेर येऊन "गोल" म्हणेपर्यंत त्यांचा भावसुद्धा ठरला होता.

आठवड्यानं कमिटी बसली. खुशालरावांनी टेबलावर बोट आपटलं. "ताहेरभाई, शालीखाली काय ठरलं ते सांगा, नाहीतं शिट्टी इथं ठेवा."

इतक्या वर्षांची शिट्टी. ताहेरभाईंनी ती मुठीत धरली. नितेशकडे पाहिलं, तो जमिनीकडे पाहत होता.

"साहेब, ते शूटिंग तुमच्याच घरी हाय. पाहुणा आला का तुमी त्याले दाखवता. एक डाव इथं साऱ्यायले दाखवा."

खुशालरावांनी पाणी मागवलं. पिऊन झाल्यावर म्हणाले, "राहू द्या शिट्टी."

यंदा टीव्ही आला नाही, ताहेरभाई आले. लोक म्हणतात, पाहा, अध्यक्षांनाही पेटी पोचली.

गोल झाला तेव्हा नितेशचा कॅमेरा लग्नाच्या सवयीनं खुशालरावांच्या शाल-नारळाकडे वळलेला होता. चेंडू त्या शूटिंगमध्ये कुठेच नाही. शालीखालची बोटं नितेशला "मागं घे, अजून मागं घे" असं सांगत होती. ताहेरभाईंनी डोळ्यांनी पाहिलेला निकाल कायम ठेवला.