लोक मत देणार नाहीत

अमेरिकेत मुलाकडे आले आहे. इथल्या एका पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचं मतदान आज होतं. सकाळीच सुनेने अंगणात महिनाभर उभी असलेली पाटी उपटली. पाटीवर एका बाईचं नाव होतं.

"अगं, तुला तर ती आवडते ना?"

"खूप आवडते, आई. पण खऱ्या निवडणुकीत शेजारच्या मार्थाबाईंसारखे म्हातारे लोक तिला मत देणार नाहीत. म्हणून आज त्या दुसऱ्याला मत देणार, तो निवडून तरी येईल."

"तो गुळमुळीत माणूस?"

"हो ना. काय करणार?"

माझं डोकंच फिरलं. मुलगी आपल्याला पसंत आहे, पण शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरायची नाही म्हणून दुसरीच सून करून आणावी, तशातली ही गत. बरं, शेजाऱ्यांना विचारलंय कोणी? भित्रेपणा करायचा आणि वर त्याला व्यवहार म्हणायचं! आपल्याकडेही असंच करून किती चांगली माणसं घरी बसवली आपण.

संध्याकाळी मार्थाबाई मत देऊन आल्या. कुंपणाशी थांबून हळहळत म्हणाल्या, "मला तीच बाई हवी होती हो. पण सकाळी तुमच्या सुनेनेही तिची पाटी उपटलेली पाहिली. तिच्यासारख्या तरुण पोरीच मत देणार नाहीत, म्हणून त्या दुसऱ्याला दिलं."

मी तिथूनच सुनेला हाक मारली. "बाहेर ये गं. तुझे लोक आलेत."