सड्यावरून जीपने

धाकटा भाऊ बोटीवरून सुट्टीला आला आणि आठ दिवसांत हातखंब्याच्या एका गॅरेजातून लष्कराची जुनी जीप घेऊन दारात उभा राहिला. मी तेव्हा पोफळीला कारकून होतो आणि एसटीच्या थांब्यापर्यंत सायकल मारत होतो. शेजारीपाजारी जीपभोवती जमले, आईने चाकाखाली लिंबू ठेवलं. मी म्हटलं, "ऑइल गळतंय." खरं तर काहीच गळत नव्हतं.

जेवताना तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला जीपनं कड्यावर नेतो."

आमच्या गावामागे सडा आहे, मैलभर नुसता उघडा कातळ, आणि त्याच्या टोकाला हा कडा. खाली दरीत नदी, समोर सह्याद्री. बाबांनी लहानपणी तिथं गुरं राखलेली. गुडघे गेल्यापासून सात वर्षं ते "एकदा कड्यावर जायचंय" म्हणत होते आणि सात वर्षं मी "नेतो, नेतो" म्हणत होतो. नेणार होतोच मी. डोलीची, चार गड्यांची तजवीज मनातल्या मनात कितीदा करून झाली होती. आता हा दोन महिन्यांचा पाहुणा त्यांना नेणार, आणि बाबा जन्मभर सांगत सुटणार, धाकट्यानं कडा दाखवलान!

सड्यावर रस्ता नव्हता. जीप चढवायची तर लोकांच्या जमिनींतून, आणि प्रत्येक जमिनीला गडगा, म्हणजे नुसते दगडावर दगड रचून केलेलं कुंपण. गडगा उघडायचा तर मालकाला विचारायचं आणि गाडी गेली की आपल्या हातांनी परत रचून द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. कुणाचा गडगा कुठे, हे बोटीवरच्या माणसाला कुठून माहीत असणार? त्यानं माझ्यापुढे वही धरली.

"दादा, वाट तूच काढून दे. तुझ्याशिवाय जमायचं नाय."

एखादा विरघळला असता. मी जास्तच पेटलो. गाडी त्याची, कौतुक त्याचं, आणि मी वाटाड्या!

वाटा दोन होत्या. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेनं गेलं तर एकच गडगा, मालकही भला माणूस. दुसरी वाट आमच्या चुलतकाकांच्या कलमांमधून. एका आंब्याच्या हद्दीवरून आमचं आणि त्यांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. लग्नाचं आवतणसुद्धा जात नसे. मी वहीत दुसरी वाट काढली, पट्टीनं, अगदी नीट. संशय नको म्हणून पहार, दोर, दोन फळ्या, पाण्याचा कॅन अशी यादीही करून दिली. काका हाकलून लावतील, जीप दारात कुजत पडेल, आणि सुट्टी संपली की हा जाईल, असा माझा बेत.

भांडण धाकट्याला ठाऊक होतं, पण ते झालं तेव्हा तो बाहेर शिकत होता, त्यामुळे त्याला ते कधी टोचलंच नाही. शीळ घालत तो काकांकडे गेला. तासभर झाला तरी येईना, तेव्हा मीच बघायला गेलो. काका स्वतः गडग्याचे दगड उतरवत होते आणि धाकटा ते त्यांच्या हातून घेत होता.

"अकरा वर्सांत तुमच्या घरातनं कोन इचाराया आला न्हाय," काका माझ्याकडे बघून म्हणाले. "ह्यो आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पुढे धाकट्याशेजारी बाबा, परीटघडीचं धोतर नेसून. मागे काका आणि पायांत कॅन घेऊन अवघडलेला मी. गडग्यापाशी बाबांनी मान न वळवताच विचारलं, "बरा हायस ना?" काका म्हणाले, "हाय." एवढ्यावर अकरा वर्षं मिटली, आणि त्याचंही श्रेय धाकट्याच्या पदरात पडलं. मी खाली उतरून दगड रचत बसलो. एका चरावर फळ्या टाकाव्या लागल्या. त्यानं जीप अलगद पलीकडे काढली. गाडी चांगलीच चालवत होता, मेला.

कड्यावर पोचल्यावर त्यानं बाबांना हाताला धरून उतरवलं. ऊन स्वच्छ होतं.

"दिसतंय ना, बाबा?"

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. वर्षभर पेपर मी वाचून दाखवत होतो, ताटात काय कुठे वाढलंय तेही मीच सांगत होतो. सुट्टीवर आलेल्या पोराला कशाला घोर, म्हणून त्यांनी त्याला पत्ता लागू दिला नव्हता. मला वाटलं, आता पितळ उघडं पडणार. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

"दिसतंय तर!" बाबा म्हणाले. "ती बघ नदी. सगळा तसाच हाय."

त्यांनी बोट दाखवलं ते भलतीकडेच, मागच्या कोरड्या कातळाकडे. धाकटा मात्र त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मी एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं सगळं. बोललो नाही.

गेल्या दिवाळीत मी त्यांना मुंबईहून नवा चष्मा करून आणला होता. नाकावर ठेवून लगेच काढला आणि म्हणाले, "काय उपयोग नाय ह्याचा." माझ्यासाठी बाबा कधीच खोटं बोलले नव्हते.