फुक्सिन लागलेली बोटं

फुक्सिन हा रंग साबणाला भीत नाही. पांढरकवड्याकडच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात मी टीबीसाठी बेडका तपासते, त्यामुळे माझी बोटं बारा महिने गुलाबी. काचेवर बेडक्याचा पातळ थर द्यायचा, त्यावर हा किरमिजी रंग ओतायचा, खालून स्पिरिटच्या दिव्याची आच. वाफ निघाली पाहिजे, उकळी फुटायला नको. मग ॲसिडने धुतलं की बाकी सगळ्याचा रंग उतरतो, टीबीच्या जंतूंचा उतरत नाही. हट्टी मेले! शेवटी वरून निळा रंग. मायक्रोस्कोपला डोळा लावला की निळ्या पाण्यात लाल काड्या पडलेल्या दिसतात. त्या निळ्यात एकदा शिरले की मला बाहेरचा गलका ऐकू येत नाही. कोणी हाक मारली तर रागच येतो.

एकदा एक बाई लेकीला घेऊन आली. लेकीला तीन आठवड्यांचा खोकला, आणि लग्न वीस दिवसांवर. माझी बोटं पाहून बाई म्हणाली, "मॅडम, लगन माह्या पोट्टीचं अन् मेंदी तुमीच लावून बसल्या!" मला हसू आलं. पोरगी डबीत नुसतीच थुंकली होती, बेडका नव्हताच. म्हणून दुसरी डबी दिली. उद्या उठल्याबरोबर चूळ भरून, छातीतून खोकून आण, म्हटलं.

सकाळी ती डबी आईच घेऊन आली. मी काच रंगवली, पाहिली. लालच लाल.

दोघींना बोलावून सांगितलं. पोरगी भिंतीला टेकली, आणि बाई एकदम बोलून गेली, "असं कसं होईन? तो बेडका तं माहा व्हता!"

लग्न मोडू नये म्हणून तिनं लेकीच्या डबीत आपला बेडका भरला होता. खोकला तिलाही होता, पण तो कापसाचा. वेचणीत धूळ छातीत जाते, उन्हाळा लागला की बरं वाटतं, असं इकडच्या बाया धरूनच चालतात. तिनंही धरलं होतं.

मी अशी भडकले! "पोरीले खरंच असतं तं? बिनऔषधाची सासरी धाडली असती! अक्कल गहाण ठेवली काय, बाई?" ती पदर तोंडाशी धरून उभी. मग पोरीला बाहेर कडुनिंबाखाली नेलं आणि माझ्या डोळ्यांसमोर खोकायला लावलं.

ती काच मी किती वेळ पाहत बसले, देव जाणे. निळं सरकत होतं, पुढे पुन्हा निळंच. मायक्रोस्कोपच्या दिव्याची ऊब हाताला लागत होती, आणि मी मनात घोकत होते, दिसू नको, बापा, दिसू नको. नाही दिसलं. दुसऱ्या दिवशीची काचही साफ, डॉक्टरांनी काढायला लावलेला एक्स-रेही साफ.

बाई चक्क हसली. "म्हंजे मलेच हाय ना? बरं झालं बाप्पा. गंगेत घोडं न्हालं!"

मला तिचा राग आला होता, तरी डोळे भरले. तिच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. काच साफ होईपर्यंत तोंडाला फडकं बांध, कोणाच्या जवळ बसू नको, असं बजावलं.

लग्नाला मी गेले होते. बाई मांडवाबाहेर ट्रॅक्टरजवळ उभी होती, तोंडाला दुपट्टा बांधून. तिथूनच अक्षता टाकत होती. त्या लेकीपर्यंत पोचत नव्हत्या.

दोन महिन्यांनी तिची काच पुन्हा रंगवली. पाहून झाल्यावर तिलाच स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटायला तिला बराच वेळ लागला.

"काईच तं नाई दिसून राह्यलं, मॅडम. निळंच निळं हाय."

"तेच दाखवून राह्यली तुले."

तिनं मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही. दोन्ही हात टेबलाला धरून तशीच वाकून बसली. मग हळूच म्हणाली, "मंग आता जाऊ काय मी पोट्टीच्या घरी?"